ऐकण्याच्या खोलीसाठी अकूस्टिक पॅनेल निवडताना: आधी जागा, मग जाडी, रंग शेवटी

स्पीकर चांगले आणले, ॲम्प्लिफायर बदलून झाला, तरी डग्ग्याचा एखादाच ठोका फुगून येतो आणि गाणाऱ्याचा आवाज भिंतींना आपटून चिरका होतो. मग भिंतीवर लावायच्या, आवाज शोषणाऱ्या पॅनेलांचा शोध सुरू होतो आणि तिथेच क्रम उलटा पडतो. कॅटलॉगमधून रंग ठरतो, ऑर्डर जाते, पॅनेलं येतात आणि भिंतीवर जिथे बरी दिसतील तिथे चिकटतात. महिन्याभराने तक्रार येते: ट्रेबल (वरचे, बारीक स्वर) मेला, बास (खालचे, जाड स्वर) मात्र तसाच घुमतोय.

ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये ही तक्रार जास्त ऐकू येते, त्याला कारण आहे. खोली दहा बाय बाराची, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, एका बाजूला भिंतभर स्लायडिंग खिडकी. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये भिंतीही बऱ्याचदा मिवानच्या, म्हणजे सगळ्या आरसीसीच्या. विटांच्या किंवा जिप्समच्या भिंती थोडा बास खातात, थोडा पलीकडे सोडतात. आरसीसी तो जवळजवळ सगळा परत खोलीत फेकते. अशा खोलीत पातळ पॅनेलं कितीही लावली तरी मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

## १. तुम्हाला नक्की काय हवंय?

दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. खोलीतला आवाज सुधारणं हे एक काम आणि आवाज बाहेर जाऊ न देणं हे दुसरं. पॅनेल पहिलंच काम करतं. शेजाऱ्यांपर्यंत आवाज जाऊ नये यासाठी वजनदार भिंत, दुहेरी काच आणि दाराच्या फटी बंद करणारं रबर सील लागतं. रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) किंवा फोम भिंतीवर लावून शेजाऱ्याचं बेल वाजवायला येणं थांबत नाही. जो विक्रेता एकाच पॅनेलात 'साउंडप्रूफिंग आणि अकूस्टिक दोन्ही' देतो म्हणतो, त्याच्याकडून बाकी माहितीही जपून घ्या.

(ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र धरली जाते १० ते ६. पॅनेलं लावल्याने यातलं काहीच बदलत नाही.)

## २. खोली मोजा

मेजरिंग टेप, मासकिंग टेप, हातभर आरसा आणि एक वही घ्या. लांबी, रुंदी, उंची, बीम कुठे येतात, दार कुठल्या बाजूला उघडतं, एसी आणि पंखा कुठे आहेत, स्विचबोर्ड कुठे आहेत, सगळं कागदावर काढा. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वरची पोकळी किती आहे तेही विचारून घ्या.

मग एक छोटा हिशोब. ५६५ या आकड्याला खोलीच्या फुटांनी भागा. १२ फुटांसाठी येतात साधारण ४७ हर्ट्झ, १० फुटांसाठी ५६ ते ५७ आणि साडेनऊ फूट उंचीसाठी ५९ ते ६०. हे तुमच्या खोलीचे हट्टी स्वर. वाद्य काहीही असो, या स्वरांवर आवाज फुगणार आणि रेंगाळणार. दहा बाय बाराच्या खोलीत रुंदी आणि उंचीचे स्वर एकमेकांना चिकटून येतात, त्यामुळे ५५ ते ६० च्या पट्ट्यात दुहेरी मार बसतो.

तपासा: दोन खोल्यांत निवड करता येत असेल तर लांबी, रुंदी, उंची यांतली कुठलीही दोन मापं सारखी नसलेली खोली घ्या. दहा बाय दहाची चौरस खोली शक्यतो टाळा.

## ३. आधी खुर्ची आणि स्पीकर बसवा

या पायरीला पैसे लागत नाहीत, म्हणून लोक ती गाळतात. गाळू नका. ६० हर्ट्झच्या खालचं दुखणं पॅनेलांनी फारसं हटत नाही. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, तिच्यापुढे ४ इंची पॅनेल काय करणार? तिथे खुर्चीची जागाच कामी येते.

स्पीकर खोलीच्या आखूड भिंतीकडे ठेवा, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जाईल. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे बास सगळ्यात जास्त साचतो. बरोब्बर मध्येही नको, कारण १२ फुटांच्या खोलीत ६ फुटांवर तो ४७ हर्ट्झचा स्वर जवळजवळ गायब होतो. मागच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर, म्हणजे साडेचार फुटांवर, सुरुवात करा आणि तिथून अर्धा-अर्धा फूट पुढे-मागे सरका.

स्पीकर दोन्ही बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर हवेत. समोरच्या, म्हणजे स्पीकरमागच्या भिंतीचं अंतरही मोजून ठेवा. वूफरपासून (स्पीकरचा बास देणारा भाग) भिंत २ फुटांवर असेल तर परत येणारा आवाज मूळ आवाजाला काटतो आणि १४० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. ही जागा बदलली की खड्डाही सरकतो. डग्गा आणि पखवाज असलेलं एखादं ओळखीचं रेकॉर्डिंग लावा आणि स्पीकर सरकवत ऐका. ठोके एकसारख्या वजनाचे वाटले की मासकिंग टेपने जमिनीवर खुणा करा.

सावधान: सोफा हलणार नाही, टीव्ही युनिट हलणार नाही आणि तरीही पॅनेलं घ्यायची आहेत, असं असेल तर अपेक्षा अर्ध्यावर आणा.

## ४. 'आधी'ची नोंद करा

नंतर फरक पडला की नाही हे कानाला आठवत नाही. आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड, हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सोबत मिनीडीएसपीच्या यूमिक-१ सारखा कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक लागतो. तो विकत घ्यायचा नसेल तर एखाद्या मित्राकडून दोन दिवसांसाठी आणा. फोनचा माइक बासच्या बाबतीत भरवशाचा नाही.

माइक खुर्चीत, कानाच्या उंचीवर. पंखा आणि एसी बंद, खिडकी बंद. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप (खालून वर चढत जाणारा आवाज) डाव्या स्पीकरसाठी वेगळा, उजव्यासाठी वेगळा, मग दोन्ही एकत्र. ३०० हर्ट्झच्या खालचा आलेख स्मूदिंग, म्हणजे गुळगुळीतपणा, न लावता बघा. वॉटरफॉलमध्ये (कुठला स्वर किती वेळ रेंगाळतो ते दाखवणारा आलेख) ज्या स्वरांच्या लांब शेपट्या दिसतील, ते बहुधा दुसऱ्या पायरीत काढलेले आकडेच असतील.

माइक नसेल तर किमान एवढं करा: खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा फडफडता आवाज आला तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज टोलवतायत. कुठल्या दोन, ते टाळीची जागा बदलून शोधा.

## ५. पॅनेल कुठे लागणार ते ठरवा

अजूनही काही विकत घ्यायचं नाही.

कोपरे. बास कोपऱ्यात साचतो, म्हणून सगळ्यात जाड माल तिथे. २ फूट रुंद, ४ इंच जाड पॅनेल कोपऱ्यात ४५ अंशात तिरकं उभं केलं की मागे त्रिकोणी पोकळी राहते आणि तीही कामाला येते. आपल्या फ्लॅटमध्ये चार कोपरे कागदावरच असतात: एकात दार, एकात खिडकीचा पडदा, एकात कपाट. उरतील ते वापरा, आणि कमी पडले तर भिंत आणि छत जिथे मिळतात तो कोपरा धरा. तोही कोपराच.

बाजूच्या भिंती. तुम्ही खुर्चीत बसा. दुसऱ्या कुणीतरी आरसा भिंतीला टेकवून ट्वीटरच्या (स्पीकरचा वरचे स्वर देणारा भाग) उंचीवर हळूहळू सरकवायचा. जिथे आरशात त्या बाजूचा स्पीकर दिसेल, तिथे खूण करा. ४ बाय २ चं पॅनेल उभं लावलं तर ते जमिनीपासून साधारण दीड ते साडेपाच फुटांत यावं. खूप जण डोळ्यांना बरं दिसावं म्हणून ते फोटोफ्रेमच्या उंचीवर टांगतात आणि आवाज खालून निसटतो.

एका बाजूला खिडकी असेल तर? खिडकीच्या समोरच्या भिंतीवर पॅनेल आणि खिडकीवर उघडी काच, असं ठेवलं तर आवाजाचा तोल एका बाजूला झुकतो. खिडकीवर जाड, भरपूर चुण्यांचा पडदा लावा, रुंदीच्या दुप्पट कापडाचा. पॅनेलची बरोबरी होणार नाही, पण तोल बराच सावरतो.

छत. इथे पंखा आडवा येतो. दहा बाय बाराच्या खोलीत वर सांगितल्याप्रमाणे स्पीकर आणि खुर्ची ठेवली तर छतावरची परावर्तनाची जागा समोरच्या भिंतीपासून पाचेक फुटांवर येते. पंखा मधोमध, ६ फुटांवर, आणि ४८ इंची पंख्याची पाती ४ फुटांपासून ८ फुटांपर्यंत फिरतात. म्हणजे नेमकं पात्यांच्या वर. एसी असेल आणि घरचे तयार असतील तर पंखा उतरवा. नसतील तर छताचा नाद सोडा आणि छतासाठीची दोन पॅनेलं कोपऱ्यात घाला. पात्यांच्या जवळ काहीही लटकवू नका.

मागची भिंत. डोक्यामागे ४ ते ५ फुटच असतील तर तिथे जाड शोषक पॅनेल हवं. लाकडी ठोकळ्यांचे डिफ्यूझर (आवाज शोषण्याऐवजी विखुरणारे) फोटोत देखणे दिसतात, पण त्यांना नीट काम करायला अंतर लागतं. आपल्या बेडरूममध्ये ते अंतर नसतं.

## ६. जाडी आणि आतला माल

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर.

एनआरसी हा आकडा म्हणजे २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झवरच्या शोषणाची सरासरी. २५० च्या खालचा एकही हर्ट्झ त्यात नाही. त्यामुळे 'एनआरसी ०.९' असलेलं पॅनेल बासच्या बाबतीत अगदी निकामी असू शकतं. विक्रेत्याकडून टेस्ट रिपोर्ट मागा आणि १२५ हर्ट्झचा रकाना बघा. भिंतीला चिकटवलेल्या २ इंची रॉकवूलसाठी तो आकडा बहुधा ०.२ ते ०.३ असतो. ४ इंचाला तो कितीतरी वर जातो. दुसरी गोष्ट, रिपोर्टमध्ये माउंटिंग काय लिहिलंय ते वाचा. मागे भलीमोठी पोकळी ठेवून मोजलेला आकडा भिंतीला चिकटवलेल्या पॅनेलला लागू होत नाही.

आता प्रकार.

९ किंवा १२ मिलिमीटरचे पीईटी शीट, म्हणजे ते फेल्टसारखे रंगीत, हल्ली सगळ्यांकडे दिसतात. ऑफिसच्या मीटिंग रूमला ते ठीक आहेत. ऐकण्याच्या खोलीत ते फक्त वरचा आवाज खातात. पट्ट्यापट्ट्यांची लाकडी फ्लुटेड पॅनेलं, ज्यांच्या मागे तेच ९ मिलिमीटरचं फेल्ट असतं, त्यांचंही तेच. मागे फळ्या ठोकून पोकळीत रॉकवूल भरलं तरच त्यांना काही अर्थ.

पिरॅमिडच्या आकाराचा काळा फोम सरळ टाळा. जाडी टोकापर्यंत मोजून सांगतात, निम्मा भाग हवा असते. शिवाय खाडीकाठच्या दमट हवेत साधा पॉलियुरेथेन फोम काही वर्षांत पिवळा पडून भुगा होऊ लागतो, आणि पेटला तर धूर विषारी. अंड्यांचे ट्रे लावणारे अजूनही भेटतात. त्यांना आगीची भीती घाला, आवाजाचं समजावत बसू नका.

राहिलं रॉकवूल आणि ग्लासवूल. आपल्या कामाचा माल हाच. पॅनेलसाठी ४८ ते ६४ घनतेचं रॉकवूल किंवा ३२ ते ४८ चं ग्लासवूल घ्या. ही घनता घनमीटरला किलोमध्ये असते. 'जास्त घनता म्हणजे जास्त शोषण' हा समज खोटा आहे. कोपऱ्याच्या जाड पॅनेलमध्ये ९६ घनतेचं रॉकवूल ठासलं तर बासच्या लहरी आत शिरण्याऐवजी परतण्याचीच शक्यता वाढते. ६ इंच किंवा त्याहून जाड काही करणार असाल तर हलका माल बरा.

माझा सरळ नियम: कोपऱ्यात आणि मागे ४ इंच, बाजूला २ इंच पॅनेल आणि मागे २ इंच पोकळी. १ इंची काहीही घ्यायचं नाही, फुकट मिळालं तरी.

## ७. किती लागतील?

दहा बाय बारा, उंची साडेनऊ: खोली सुमारे ३२ घनमीटरची. आवाज विरायला ०.३५ सेकंद लागावेत असं धरलं, तर ०.१६१ गुणिले ३२ भागिले ०.३५, म्हणजे जवळपास १५ चौरस मीटर शोषण लागतं. गादी, सोफा, पडदे, माणसं मिळून पाच-सहा येतात. उरले नऊ-दहा. ४ बाय २ फुटांचं पॅनेल ०.७४ चौरस मीटरचं, म्हणजे बारा-तेरा पॅनेलं. हे सूत्र लहान खोलीत काटेकोर चालत नाही, बाससाठी तर नाहीच, पण ऑर्डरचा अंदाज घ्यायला पुरेसं आहे.

वाटणी अशी: दोन कोपऱ्यांत एकावर एक दोन, असे चार. बाजूंना दोन-दोन. मागे दोन. छताला दोन, किंवा पंखा राहिला तर तीच तिसऱ्या कोपऱ्यात.

सगळी एकदम मागवू नका. आधी कोपरे आणि बाजू, म्हणजे आठ. मग मोजा, मग बाकीची.

## ८. सुताराकडून करून घ्या किंवा तयार घ्या, पण हे तपासा

सुताराला 'फ्रेम करून कापड लावा' म्हटलं की तो सवयीने मागे प्लाय मारतो. आधीच सांगा: मागची बाजू उघडी, फक्त जाळीदार कापड. मागे प्लाय आला की पोकळीचा फायदा गेलाच, आणि पावसाळ्यात प्लाय आणि भिंतीच्या मध्ये बुरशी धरते. फ्रेमला ४ इंच रुंद पाइनवुडच्या पट्ट्या पुरतात.

वूल आधी पातळ नॉन-वोव्हन कापडात गुंडाळून घ्या, मग वरचं कापड. वरच्या कापडाची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंका. हवा आरपार गेली तर चालेल. रेक्झिन, जाड सोफ्याचं कापड, मागून कोटिंग असलेलं कापड बाद. सुती कापड दमट हवेत सैल पडून पोट काढतं, पॉलिएस्टर ताणलेलं राहतं. आपल्याकडे पॉलिएस्टरच बरं.

तयार पॅनेल घेताना एक नमुना आधी मागवा आणि मागचं कापड एका कोपऱ्यात उचकटून बघा. '२ इंची' म्हणून विकलेल्या पॅनेलमध्ये फ्रेम २ इंची आणि आत २५ मिलिमीटरचा माल, हा प्रकार सर्रास चालतो. कच्चा माल घेत असाल तर तो वजनकाट्यावर ठेवा: १ मीटर बाय ०.६ मीटरचा ५० मिलिमीटरचा ४८ घनतेचा स्लॅब सुमारे १.४ किलोचा, ६४ चा १.९ किलोचा भरायला हवा.

सावधान: वूल कापताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, हातमोजे. पंखा बंद. लहान मुलं दुसऱ्या खोलीत. काम झालं की ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका.

आणि ऑर्डरआधी लिफ्ट मोजा. ८ बाय ४ चे शीट बऱ्याच इमारतींच्या लिफ्टमध्ये शिरत नाहीत, मग चौदाव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवण्याची वेगळी बोली होते. ४ बाय २ चं माप इथेही सोयीचं.

## ९. लावणं

भिंत आधी बघा. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर रंगाचे पापुद्रे, पांढरी पूड किंवा हाताला गारवा लागत असेल तर तिथे काहीही ठोकू नका. गळती दुरुस्त होऊन एक पावसाळा कोरडा जाईपर्यंत त्या बाजूला पायावर उभं राहणारं पॅनेल ठेवा. भाड्याच्या घरातही हाच उपाय.

४ इंची पॅनेल फ्रेमसकट ६ ते ७ किलोचं होतं. दुहेरी टेप किंवा सिलिकॉनवर सोडू नका. ४५ अंशात कापलेली लाकडी पट्टी एक भिंतीला आणि एक पॅनेलला, म्हणजे ते नुसतं अडकवता येतं आणि साफसफाईला काढताही येतं. मिवानच्या भिंतीत साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल आणि ८ मिलिमीटरची गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) लागते. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, तिथून कन्सील्ड वायर गेलेली असते. सोसायटीत ड्रिलिंगच्या वेळा ठरलेल्या असतात, वॉचमनला आधी विचारलेलं बरं.

क्रम: कोपरे, मग बाजू, मग मागची भिंत, शेवटी छत. प्रत्येक टप्प्यानंतर मोजा.

## १०. पुन्हा मोजा, आणि थांबायचं कुठे ते ओळखा

माइक त्याच जागी, व्हॉल्यूम तोच. वॉटरफॉलमधल्या शेपट्या आखूड झाल्या पाहिजेत. आलेखातले खड्डे सगळे भरतील अशी आशा करू नका.

५०-६० च्या खाली एखादा उंचवटा राहिलाच तर आता ईक्यूने (ठरावीक स्वर कमी-जास्त करणारी सोय) तो खाली आणा. खड्डा ईक्यूने वर उचलायला जाऊ नका. ॲम्प्लिफायरवर ताण येतो आणि खड्डा तिथेच राहतो.

खोलीत बोलून बघा. स्वतःचा आवाज कानात कोंबल्यासारखा वाटत असेल, टाळी वाजताच मरत असेल आणि तरी डग्गा फुगत असेल, तर वरचा आवाज जास्त खाल्ला गेलाय आणि बास कमी. अशा वेळी आणखी पॅनेलं घेऊ नका. बाजूचं एखादं पॅनेल काढून कोपऱ्यात हलवा, किंवा कोपऱ्यातल्या पॅनेलच्या समोरच्या बाजूला कापडाखाली पातळ प्लास्टिक शीट घाला. बास आत जातो, वरचा आवाज खोलीत परततो.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक पॅनेल उतरवून मागून वास घ्या. कुबट वास आला की ते पॅनेल पंख्याखाली दोन दिवस उभं करा आणि मागची भिंत ओली आहे का ते बघा.